चतुर्थी कोणाची? : ‘देणे’ या क्रियापदाच्या निमित्ताने

१

मराठी व्याकरणाच्या अध्यापनात काही प्रश्न असे आहेत की, ते सुटले म्हणून नव्हे, तर कंटाळा आला म्हणून सोडून देण्यात आले. द्वितीया आणि चतुर्थी यांचा प्रश्न हा त्यांपैकी एक. शालेय पुस्तकांपासून स्पर्धापरीक्षांच्या मार्गदर्शकांपर्यंत विभक्तींचा जो तक्ता छापला जातो, त्यात द्वितीयेपुढे एकवचनी ‘स, ला, ते’ आणि अनेकवचनी ‘स, ला, ना, ते’ असे प्रत्यय असतात. दोन ओळी खाली चतुर्थीपुढे तेच प्रत्यय त्याच क्रमाने पुन्हा छापलेले असतात. एकाच रूपाला दोन नावे का, असे एखाद्या विद्यार्थ्याने विचारले तर ‘अर्थावरून ओळखायचे’ असे उत्तर मिळते. अर्थावरूनच ओळखायचे असेल तर तक्ता कशासाठी, हा पुढचा प्रश्न विद्यार्थी सहसा विचारत नाही, कारण तोवर त्याला परीक्षेचे गुण दिसू लागलेले असतात.

हा वाद नवा नाही. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले आणि मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ मध्ये. कृष्णशास्त्री चिपळूणकरांपासून अरविंद मंगरूळकर आणि कृ. श्री. अर्जुनवाडकर यांच्यापर्यंत, विभक्तीचा निकष रूप की अर्थ, या प्रश्नाची गंभीर चर्चा मराठीत झालेली आहे. तथापि ही चर्चा ग्रंथांत राहिली आणि तक्ता वर्गात राहिला. साहित्याच्या अभ्यासकांनी तर ‘हा वैयाकरणांचा प्रांत’ असे म्हणून अंग काढून घेतले. प्रस्तुत प्रतिपादनाचा रोख या अंग काढून घेण्यावर आहे. द्वितीया-चतुर्थीचा घोळ हा केवळ नामकरणाचा घोळ नाही. मराठी वाक्यात माणूस केव्हा माणूस म्हणून उभा राहतो आणि केव्हा वस्तूसारखा, हे पाहण्याची वाट या घोळाने बंद केली आहे. ही वाट ‘देणे’ या साध्या क्रियापदापाशी उघडते.

२

आधी तक्त्याचा कारभार कसा चालतो, ते पाहू. ‘विद्यार्थ्याने गुरुजींना फूल दिले’ या वाक्यात ‘गुरुजींना’ ही चतुर्थी. ‘विद्यार्थ्याने गुरुजींना प्रश्न विचारला’ या वाक्यात मात्र ‘गुरुजींना’ ही द्वितीया. ‘आईने बाळाला दूध दिले’ येथे चतुर्थी, ‘आईने बाळाला दूध पाजले’ येथे द्वितीया. मराठी बोलणाऱ्या कोणाही व्यक्तीला या जोड्यांतील ‘ना’ किंवा ‘ला’ निराळा वाटत नाही. शब्दांचा क्रम, सामान्यरूप, प्रत्यय, सर्व काही समान आहे. मग फरक आला कोठून? तो संस्कृतातून आला. पाणिनीय व्याकरणात प्रच्छ्, याच्, शास्, ब्रू हे धातू द्विकर्मक मानले आहेत. त्यांच्याबरोबर येणारी व्यक्ती कर्मच ठरते आणि कर्माला द्वितीया होते. पिणे या अर्थाच्या धातूच्या प्रयोजक रूपात ज्याला पाजायचे त्यालाही कर्मसंज्ञा मिळते. दा धातूच्या बाबतीत मात्र घेणारा संप्रदान ठरतो. म्हणजे मराठी वाक्याची विभक्ती ठरवण्यासाठी ते वाक्य आधी मनातल्या मनात संस्कृतात नेले जाते, तेथे त्याची विभक्ती पाहिली जाते आणि ते नाव घेऊन मराठीत परत येणे होते.

या प्रवासातील धोका एका वाक्याने स्पष्ट होईल. ‘आजीने मुलाला गोष्ट सांगितली.’ येथे ‘मुलाला’ कोणती विभक्ती? ‘सांगणे’ याचे संस्कृत ब्रू धातूने केले, तर तो द्विकर्मक, म्हणून द्वितीया. कथ् धातूने केले किंवा ‘निवेदयति’ असे केले, तर चतुर्थीचा प्रयोग सर्रास सापडतो. एकच मराठी वाक्य, एकच अर्थ, एकच रूप. पण विभक्ती दोन, आणि त्यांतील निवड मराठीवर नव्हे तर भाषांतरकाराच्या आवडीवर अवलंबून. ज्या वर्गीकरणात असा निकाल संभवतो, ते मराठीचे वर्गीकरण नव्हे. ती संस्कृत भाषांतराची चाचणी आहे.

येथे परंपरेचा आधार घेणाऱ्यांनी परंपरा तरी नीट पाहावी. पाणिनीने संप्रदानाची व्याख्या पहिल्या अध्यायाच्या चौथ्या पादात केली आणि संप्रदानाला चतुर्थी होते हे दुसऱ्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात सांगितले. संप्रदान हा क्रियेशी असलेला संबंध आहे. चतुर्थी हे रूप आहे. दोन्ही वेगळी आहेत, म्हणूनच दोहोंना जोडणारे सूत्र करावे लागले. संस्कृतात ‘रामम्’ आणि ‘रामाय’ ही रूपे कानाला वेगळी ऐकू येतात, म्हणून तेथे दोन विभक्ती आहेत. मराठीत दोन रूपेच नसताना दोन विभक्ती मानणे म्हणजे पाणिनीचे अनुकरण नसून पाणिनीने काळजीपूर्वक वेगळ्या ठेवलेल्या दोन गोष्टींची सरमिसळ करणे होय.

३

इतिहासाचा दाखलाही तक्त्याच्या बाजूने नाही. वररुची आणि हेमचंद्र हे दोघेही प्राकृत वैयाकरण चतुर्थीच्या जागी षष्ठी येते असे सांगतात. हेमचंद्र ‘त्यासाठी’ या अर्थाच्या एकवचनापुरता विकल्पाने अपवाद ठेवतो. म्हणजे प्राकृतातच ‘देणे’ क्रियेतील घेणारा षष्ठीच्या रूपात येऊ लागला होता. मराठीतील ‘स’ हा प्रत्यय प्राकृत षष्ठीच्या ‘स्स’शी जोडण्याकडे अनेक अभ्यासकांचा कल आहे; ‘ला’च्या व्युत्पत्तीबद्दल एकमत नाही, पण तो संस्कृत चतुर्थीचा वंशज आहे असे प्रतिपादन कोणी गंभीरपणे करू शकत नाही. प्राचीन मराठीत ‘सि’, ‘तें’, ‘लागीं’ अशी विविध साधने दिसतात आणि त्यांतही कर्माला एक व घेणाऱ्याला दुसरे अशी स्वच्छ वाटणी झालेली नाही.

यातील विसंगती आज अधिकच डोळ्यांत भरते. २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्यासाठी महाराष्ट्री प्राकृत आणि तिच्यातील गाथांचा वारसा अभिमानाने पुढे करण्यात आला आणि ते योग्यच झाले. परंतु ज्या प्राकृताचा वारसा सांगायचा, तिने टाकून दिलेली विभक्ती मात्र तक्त्यात जपायची, हा कोणता वारसा? प्राकृताचा अभिमान उत्सवापुरता आणि संस्कृताचा तक्ता परीक्षेपुरता, अशी ही सोयीची विभागणी आहे.

एका आक्षेपाचा येथे विचार करावयास हवा. एका रूपाला दोन विभक्ती मानणे अनेक भाषांच्या व्याकरणांत रूढ आहे. संस्कृतातच ‘फलम्’ हे प्रथमा आणि द्वितीया दोन्ही असते. हा आक्षेप वरवर बिनतोड वाटतो. पण ‘फलम्’बद्दल असे म्हणता येते, कारण ‘रामः’ आणि ‘रामम्’ हा भेद त्या भाषेत अन्यत्र जिवंत आहे. मराठीत द्वितीया आणि चतुर्थी यांना वेगळे करणारे एकही नाम, एकही सर्वनाम, एकही लिंग किंवा वचन दाखवता येत नाही. ‘मला मारले’ आणि ‘मला दिले’ यांतील ‘मला’ सर्वत्र एकच. शेजारच्या कन्नडात ‘हुडुगनन्नु’ आणि ‘हुडुगनिगे’, म्हणजे कर्म असलेला मुलगा आणि घेणारा मुलगा, यांची रूपे वेगळी आहेत. तमिळमध्ये ‘अवनै’ आणि ‘अवनुक्कु’ वेगळी आहेत. कन्नड वैयाकरणाला दोन विभक्ती मानण्याचा अधिकार त्याच्या भाषेने दिलेला आहे. हिंदीचा ‘को’, गुजरातीचा ‘ने’, कोकणीचा ‘क’ आणि मराठीचा ‘ला’ यांनी तो दिलेला नाही.

४

तक्त्याला कंटाळलेल्या आधुनिकांनी दुसरा मार्ग काढला : विभक्तीचे नावच घेऊ नका, ‘प्रत्यक्ष कर्म’ आणि ‘अप्रत्यक्ष कर्म’ म्हणा. संस्कृताच्या जागी इंग्रजी आली, एवढाच बदल झाला. उसनवारी कायम राहिली. ‘अप्रत्यक्ष’ म्हणजे काय, याचे मराठीतून उत्तर मिळत नाही. ‘मी त्याला पैसे मागितले’ या वाक्यात ‘तो’ घेणारा नसून देणारा आहे. ‘त्याला जाऊ दिले’ येथे दिलेली वस्तू दाखवताच येत नाही. ‘मला भूक लागली’, ‘घराला दोन दारे आहेत’, ‘तो पुण्याला गेला’ यांत तर देणेच नाही. या सर्वांना कवेत घेणारा ‘ला’ हा ‘अप्रत्यक्ष कर्मा’चा प्रत्यय म्हणणे म्हणजे समुद्राला त्याच्या एका बंदराचे नाव देणे होय.

भाषांच्या तौलनिक अभ्यासाने हा प्रश्न गेल्या काही दशकांत निराळ्या रीतीने मांडला आहे. मॅथ्यू ड्रायर यांनी १९८६ मध्ये दाखवून दिले की, दोन कर्मांची विभागणी सर्व भाषांत सारखी नसते. ‘मारणे’ क्रियेच्या कर्माला जी वागणूक मिळते, तीच काही भाषांत दिलेल्या वस्तूला मिळते, तर काही भाषांत ती घेणाऱ्याला मिळते. पश्चिम ग्रीनलँडिक भाषेत घेणाराच साध्या कर्मासारखा येतो आणि दिलेल्या वस्तूला करणाचा प्रत्यय लागतो; जणू ‘माणसाला पैशाने दिले’. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भाषासंरचनांच्या जागतिक नकाशासंग्रहात मार्टिन हास्पेलमाथ यांनी ‘देणे’ या एकाच क्रियापदाचा ३७८ भाषांत आढावा घेतला. सुमारे निम्म्या भाषांत घेणाऱ्याला वेगळी खूण आहे. उरलेल्यांत इतर प्रकार किंवा मिश्रण. मल्याळममध्ये तर घेणारा कोण यावर क्रियापदच बदलते : मला किंवा तुला द्यायचे तर ‘तरुक’, तिसऱ्याला द्यायचे तर ‘कोडुक्कुक’.

या आराखड्यात मराठी कोठे बसते? ‘तिने पुस्तक वाचले’ आणि ‘तिने मुलाला पुस्तक दिले’ यांची तुलना केली, तर पुस्तक दोन्हीकडे प्रत्ययरहित आणि घेणाऱ्याला वेगळी खूण. मराठी पहिल्या प्रकारात गेली. ‘तिने मुलाला मारले’ आणि ‘तिने मुलाला पुस्तक दिले’ यांची तुलना केली, तर मार खाणारा आणि घेणारा दोघेही ‘ला’धारी, दिलेली वस्तू तेवढी उघडी, मराठी ग्रीनलँडिकच्या शेजारी जाऊन बसली. दोन्ही तुलना बरोबर आहेत. याचा अर्थ एवढाच की, मराठीत खुणेची वाटणी प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष या रेषेवर झालेलीच नाही. ती सजीव-निर्जीव, विशिष्ट-सामान्य, माणूस-वस्तू या रेषांवर झाली आहे. ‘पोलिसांनी चोर पकडला’ आणि ‘पोलिसांनी चोराला पकडले’ यांतील फरक मराठी वाचकाला कळतो. पहिल्यात घटना प्रमुख, दुसऱ्यात तो चोर प्रमुख. तक्त्याला हा फरक कळत नाही.

येथे न्यायाने हेही मान्य करावे की, कर्म आणि घेणारा हे संबंध मराठीत वेगळे आहेत. कर्माचा ‘ला’ पुष्कळदा ऐच्छिक असतो, घेणाऱ्याचा नसतो. ‘चोर पकडला गेला’ म्हणता येते. ‘मुलाला पुस्तक दिले गेले’ म्हणता येते, पण घेणाऱ्या मुलाला प्रथमेत आणून तसे वाक्य करता येत नाही. हा भेद कारकाचा आहे आणि तो ठेवलाच पाहिजे. संप्रदान ठेवावे, चतुर्थी सोडावी, एवढेच म्हणणे आहे. भेद खरा आहे म्हणून त्यासाठी खोटे रूप कल्पिण्याची गरज नाही.

५

संप्रदान ठेवले की एक जुना वादही मराठीत नव्याने जिवंत होतो. पाणिनीची व्याख्या व्यापक आहे : कर्माच्या द्वारे कर्ता ज्याच्याशी संबंध जोडू पाहतो, तो संप्रदान. त्यात मालकीचा उल्लेख नाही. टीकाकारांपैकी काहींनी ‘संप्रदान’ या शब्दाच्या व्युत्पत्तीवरून ते खरे, परत न घेण्याचे दान असले पाहिजे असे मानले. म्हणून धोब्याला वस्त्र देण्याच्या वाक्यात चतुर्थी नव्हे, षष्ठी. कपडे धोब्याचे होत नाहीत, ते परत यायचे असतात. याच्या उलट, महाभाष्यात चुकणाऱ्या शिष्याला उपाध्याय चापट देतो तेथे चतुर्थी आहे, आणि चापटीची मालकी शिष्याकडे जाते असे कोणी म्हणणार नाही.

मराठीची साक्ष या वादात कोणीच काढली नाही. मराठीत ‘धोब्याला कपडे दिले’ हे निःसंकोच चालते. ‘मुलाला शिवी दिली’, ‘आईला त्रास दिला’ हेही चालते. मालकी हा मराठी ‘ला’चा निकष नाही. पण भेद करायचाच असेल तर मराठीकडे वेगळे साधन आहे : ‘धोब्याकडे कपडे दिले’, ‘शेजाऱ्याकडे किल्ली दिली’. ‘कडे’ने ताबा जातो, व्यक्ती मात्र केवळ ठिकाण होते. म्हणून ‘धोब्याकडे कपडे दिले’ म्हणता येते, पण ‘मुलाकडे शिवी दिली’ म्हणता येत नाही. शिवी ठेवायला दिलेली नसते, ती ज्याला लागायची त्याला लागते. क्रिया ज्याच्यापर्यंत व्यक्ती म्हणून पोचते, तेथे ‘ला’. जो निव्वळ ठिकाण म्हणूनही चालतो, तेथे ‘कडे’. पाणिनीची मूळ, व्यापक व्याख्या मराठीला टीकाकारांच्या व्युत्पत्तीपेक्षा अधिक लागू पडते, हा निष्कर्ष तक्ता पाठ करून निघाला नसता.

६

आता मुख्य मुद्द्याकडे. दिलेली वस्तू जेव्हा वस्तू नसून माणूस असते, तेव्हा काय होते? माणूस कर्म असला की मराठी त्याला सहसा ‘ला’ देते : मुलाला मारले, मुलीला पाहिले, बहिणीला बोलावले. पण ‘त्यांनी आपला मुलगा भावाला दत्तक दिला’. ‘बापाने मुलगी सावकाराला दिली.’ येथे घेणाऱ्याने ‘ला’ घेतला आणि दिलेल्या माणसाचा ‘ला’ गेला. क्रियापदही त्याच्याशी वस्तूप्रमाणे जुळले : पुस्तक दिले, गाय दिली, मुलगी दिली. ‘ला’ परत आणायचा तर घेणाऱ्याला हटवावे लागते : ‘मुलीला त्या घरात दिले’, ‘मुलाला काकांकडे दत्तक दिले’. ‘मुलीला सावकाराला दिले’ हे कानाला खटकते. फक्त ‘मला’, ‘तुला’ ही सर्वनामे आपला ‘ला’ सहज सोडत नाहीत. ‘मला काकांना दत्तक दिले’ असे अवघडलेले वाक्य होते आणि बोलणारा लगेच ‘काकांकडे’ म्हणून ते सावरतो. एका देण्यात दोन ‘ला’ नांदत नाहीत, आणि माघार बहुधा दिलेल्या माणसाला घ्यावी लागते.

तक्त्याच्या दृष्टीने हे अनाकलनीय आहे. द्वितीया आणि चतुर्थी या खरोखर दोन स्वतंत्र विभक्ती असत्या, तर एकीच्या येण्याने दुसरीने पळ काढण्याचे कारण नव्हते. कन्नडात किंवा तमिळमध्ये दोन रूपे शेजारी बसतात. मराठीत ती भांडतात, कारण ती दोन नाहीतच. जागा एक आहे आणि दावेदार दोन.

साहित्याच्या अभ्यासकाला यात काय मिळते? ‘मुलगी साताऱ्याला दिली’ हे वाक्य मराठी कथनात पिढ्यान्‌पिढ्या येत आले आहे. त्यात ‘ला’ गावाला मिळाला आहे. घेणारा माणूस अदृश्य आहे आणि दिलेली मुलगी प्रत्ययरहित आहे. खंडोबाला मुलगी वाहण्याची प्रथा होती. मुंबई प्रांतात १९३४ च्या कायद्याने देवदासी म्हणून स्त्रियांना वाहण्यास बंदी झाली. त्या प्रथेच्या वाक्यातही ‘ला’ देवाचा होता, मुलीचा नव्हता. व्याकरणाने स्त्रीचे वस्तूकरण केले असा सोपा निष्कर्ष येथे काढू नये. दत्तक मुलगाही असाच ‘ला’ गमावतो, आणि ‘मुलगी पाहिली, पसंत केली’ असे म्हणणाऱ्या समाजाला व्याकरणाच्या परवानगीची गरज नव्हती. पण लेखक जेव्हा ‘मुलगी दिली’ न म्हणता ‘मुलीला दिले’ म्हणतो, तेव्हा तो भाषेने दिलेल्या दोन शक्यतांतून एक निवडत असतो. या निवडीने कथनाचा डोळा घेणाऱ्याच्या घराकडून निघून मुलीकडे वळतो. ही निवड टिपणारी समीक्षा मराठीत जवळपास नाही. चर्चासत्रांत मार्सेल मॉसच्या १९२५ च्या दानविषयक निबंधाचे हवाले दिले जातात, देवघेवीच्या प्रतीकव्यवस्थेवर प्रबंध लिहिले जातात. समोरच्या वाक्यातील ‘ला’ मात्र कोणी पाहत नाही, कारण ‘ला’ म्हणजे द्वितीया किंवा चतुर्थी, आणि तो विषय दहावीला संपलेला असतो.

७

‘तक्ता निरुपद्रवी आहे, संस्कृत शिकणाऱ्याला त्याचा उपयोग होतो’ हा युक्तिवाद वारंवार ऐकू येतो. संस्कृत शिकणाऱ्याने संस्कृतचा तक्ता अवश्य शिकावा. त्याला तो संस्कृतच्या तासाला मिळतो. मराठीच्या तासाला मराठी मिळावी, ही अपेक्षा अवाजवी नाही. उपद्रव हा आहे की, ‘मुलगी दिली’ आणि ‘मुलीला दिले’ या दोन वाक्यांपुढे विद्यार्थी थबकत नाही. थबकण्याऐवजी तो पहिल्यातील ‘मुलगी’ला प्रथमा आणि दुसऱ्यातील ‘मुलीला’ला द्वितीया अशी चिठ्ठी चिकटवतो आणि पुढे जातो. त्याच्या दृष्टीने प्रश्न सुटलेला असतो. वस्तुतः तो विचारलाच गेलेला नसतो.

त्यामुळे मागणी मर्यादित आणि निश्चित आहे. मराठीच्या विभक्तिविचारातून चतुर्थी हे नाव काढून टाकावे. ‘ला’ या एका रूपाखाली त्याचे सर्व विनियोग, म्हणजे कर्म, संप्रदान, अनुभव, गंतव्य आणि मालकी, कारकसंबंध म्हणून स्वतंत्रपणे शिकवावेत. पदव्युत्तर अभ्यासक्रमात विद्यार्थ्याला तक्ता भरायला न सांगता एखाद्या कथेतील देण्याची सर्व वाक्ये काढायला सांगावीत आणि प्रत्येकात ‘ला’ कोणाला मिळाला, ‘कडे’ कोणाला मिळाले आणि दोन्हींवाचून कोण राहिले, एवढेच नोंदवायला सांगावे. त्या यादीतून व्याकरणही शिकता येईल आणि कथाही वाचता येईल.